तृतीयपंथीयांचं नाव कुठल्या वहीत?

माझ्या भाच्याचं बोईसरला फ्लेक्स-बॅनरचं दुकान आहे. वाढदिवस, दहीहंडी, उरूस, निवडणुका आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' यावर त्याचं घर चालतं. मध्यंतरी त्याचा फोन आला, "मामू, एक वेगळं काम आलंय. डिझाइन मी करतो, मजकूर तुम्ही बघा. मराठी चुकलं तर लोक मलाच हसतील."

काम असं होतं. बेटेगावात तृतीयपंथीयांसाठी ओळखपत्र आणि मतदार नोंदणीचं शिबिर व्हायचं होतं. शिबिर घेणाऱ्या मंडळींना सहा फलक हवे होते आणि त्यांतून 'एलजीबीटीक्यू समाजाचा इतिहास' दिसावा, अशी त्यांची इच्छा होती. फलक आठवडाभर रस्त्यावर राहणार होते. म्हणजे तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, शाळेची मुलं, नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबं आणि जुम्म्याच्या नमाजला निघालेले आपले लोकही ते वाचणार होते.

मी गेलो तेव्हा पहिला आराखडा तयार होता. मागे इंद्रधनुष्याचे सहा रंग. पुढे टाळी वाजवणारे दोन हात, हातांत हिरव्या बांगड्या. चारी बाजूंनी वारली चित्रांची चौकट. खाली ठळक अक्षरांत, 'तीही माणसंच आहेत!'

भाच्याने मनापासून केलं होतं. पालघर म्हणजे वारली, तृतीयपंथी म्हणजे टाळी, आणि 'तो' समाज म्हणजे इंद्रधनुष्य, हा हिशेब त्याने मनाने केलेला नव्हता. तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आयता बसलेला आहे. मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. ते दुसऱ्या दिवशी आपांनी सांगितलं.

आपा बेटेगावातल्या एका चाळीत राहतात. वय साठीच्या पुढे. मूळच्या मराठवाड्यातल्या, मुसलमान घरातल्या. हिजडा घराण्यात आल्यानंतर भायखळा, वसई असं करत इकडे आल्या. रमजानचे रोजे ठेवतात, माघी पौर्णिमेला हाजी मलंगच्या उरुसाला जातात. शिबिराच्या मंडळींनी त्यांना 'समाजाची संमती' घ्यायला दुकानात आणलं होतं. चष्मा लावून त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, यात आम्ही कुठं आहोत? टाळी तर सिग्नलवर रोज दिसती. तेवढ्यासाठी बॅनर कशाला?"

थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "भाई, हे लोक माझा फोटो लावायचं म्हणतात. तेवढं होऊ देऊ नका. मालक भला माणूस आहे. पण उद्या बाजूच्या बिल्डिंगवाल्यांनी बोट दाखवलं तर तो तरी काय करणार? खोली जाईल माझी."

त्यांची ही भीती बाजूला ठेवून कुठलाही फलक छापता येत नाही, असं माझं मत आहे. एखाद्या समाजाच्या इतिहासावरून चित्र काढायचं असेल, तर त्या इतिहासातली माणसं त्या चित्राखाली निर्धास्त उभी राहू शकली पाहिजेत. फलक लावून आपण कौतुक मिळवायचं आणि त्यांनी मात्र खोली गमवायची, याला जनजागृती म्हणत नाहीत.

मग आम्ही इतिहासाकडे वळलो. सुरुवात झेंड्यापासूनच केली, कारण भाच्याला तो सोडवत नव्हता. हा झेंडा गिल्बर्ट बेकर या कलावंताने सॅन फ्रान्सिस्कोत तयार केला आणि २५ जून १९७८ रोजी तो पहिल्यांदा फडकला. तेव्हा त्यात आठ रंग होते. प्रत्येकाला अर्थ होता, लाल म्हणजे जीवन, हिरवा म्हणजे निसर्ग, पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश. कापड स्वयंसेवकांनी हाताने रंगवलं होतं. पुढे गडद गुलाबी रंगाचं कापड सहज मिळेना म्हणून तो पट्टा गेला, नंतर आणखी एक कमी झाला आणि सहा उरले. कापड आणि रसायनांच्या कारखान्यांशेजारी वाढलेल्या भाच्याला ही गोष्ट फारच आवडली. झेंडा त्या समाजाचा आहे, त्याला माझा विरोध नाही. पण आज जून महिना आला की मोठमोठ्या कंपन्याही आपली बोधचिन्हं त्याच रंगांत रंगवतात. नुसत्या रंगांवरून आपांना काय सोसावं लागलं, ते बोईसरच्या माणसाला कळत नाही.

दुसरं उदाहरण मला अधिक कामाचं वाटलं. नाझी राजवटीत छळछावणीत टाकलेल्या ज्यूंच्या कपड्यांवर पिवळी खूण असे, तशी समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोणाची असे, टोक खाली केलेल्या. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये एड्सने माणसं मरत होती आणि सरकार गप्प होतं. तेव्हा सहा मित्रांनी तोच त्रिकोण टोक वर करून काळ्या कागदावर छापला. खाली लिहिलं, 'मौन म्हणजे मृत्यू'. रातोरात तो शहराच्या भिंतींवर चिकटवला गेला. ती खूण अपमानाची होती, ती ज्यांच्या छातीवर लावली गेली त्यांच्याच वारसांनी ती उचलली आणि उलटी करून सत्तेसमोर धरली. चित्रमोहीम इतिहासातून घ्यायची म्हणजे काय, ते यातून समजतं.

मी आपांना विचारलं, "तुमच्यावर अशी कुठली खूण लावली होती?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "खूण नाही भाई, वही. माझ्या गुरूच्या गुरू हैदराबादच्या. म्हणायच्या, पोलिसांच्या वहीत नाव चढलं की जिंदगी संपली. आमच्या घराण्यात अजून कुणी कागदावर नाव लिहायला लागलं की पोटात गोळा येतो."

ही वही खरी होती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचा पहिला भाग भटक्या जमातींवर होता, हे आपल्याला ठाऊक असतं. दुसरा भाग हिजड्यांवर होता, हे सहसा सांगितलं जात नाही. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नावं-पत्ते नोंदवायचं रजिस्टर पोलिसांकडे आलं. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसली किंवा लोकांसमोर नाचली-गायली, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

आता आपल्या घरातली गोष्ट. असाच कायदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९च्या सुमारास आला. तेव्हा गादीवर मीर उस्मान अली खान होते. उस्मानिया विद्यापीठ काढलं म्हणून आपण ज्यांचं नाव अभिमानाने घेतो, तेच. मराठवाडा त्या संस्थानाचा भाग होता. या कायद्यातही संशयित हिजड्यांची नोंदवही होती, वॉरंटशिवाय अटक होती, स्त्रीवेशासाठी कैद होती. ही गोष्ट संस्थानाबरोबर संपली नाही. कायदा तेलंगणात कागदावर जिवंत राहिला आणि जुलै २०२३मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. शंभरहून अधिक वर्षं तो टिकला.

आपण मुसलमान लेखक इतिहास सांगताना खानकाह, ख्वाजासरा, दरबारातला मान हे सगळं आवर्जून सांगतो. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातली 'हिजड्यांची खानकाह' आजही आहे आणि तुर्कमान गेटचे हिजडे तिची देखभाल करतात, हेही खरं. पण त्याच दमात निजामाची वहीही सांगितली पाहिजे. इंग्रजांनी वाईट केलं आणि आपण फक्त चांगलं केलं, असा इतिहास आपांना उपयोगाचा नाही. त्यांच्या गुरूच्या गुरूंचं भय आपल्याच एका राज्यातून आलेलं आहे.

त्या दिवशी ठरलं की मोहिमेचं चित्र वहीचं असेल. सहाही फलकांवर एकच उघडी वही. जुन्या पद्धतीची, लाल कापडी बांधणीची, आपल्या किराणा दुकानात असते तशी. इंद्रधनुष्याला वहीच्या बाजूने लोंबणाऱ्या दोरीइतकी जागा. टाळी नाही. वारली चौकटही काढली. वारली चित्र मुळात लग्नाच्या घरात सुवासिनींनी भिंतीवर लिहिलेला चौक. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ती कला जगभर गेली. आदिवासींना विचारल्याशिवाय त्यांचा चौक दुसऱ्यांच्या इतिहासाची किनार म्हणून वापरायचा, ही तीच चूक झाली असती.

पहिल्या फलकावर पोलिसांची वही, १८७१ आणि १९१९ ही सालं, आणि कोऱ्या सोडलेल्या नावांच्या ओळी.

दुसरा फलक मराठीचा. हा विषय परदेशातून आला, असं म्हणणाऱ्यांसाठी तो हवा होता. र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही, ते उत्तरं देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं, त्याची नायिका एका स्त्रीवर प्रेम करते. १९९०मध्ये मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. या फलकावर वहीच्या पानावर फक्त ही तीन नावं आणि सालं. भाचा म्हणाला, "मामू, लोक वाचतील का?" मी म्हटलं, बाबासाहेबांचं नाव बघून निदान थांबतील तरी.

तिसरा फलक न्यायालयाचा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. तेव्हा बेटेगाव ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर जिल्हा त्याच वर्षी १ ऑगस्टला झाला. दुसरी तारीख ६ सप्टेंबर २०१८. त्या दिवशी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले.

चौथा फलक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा 'इतर' असा रकाना आला आणि महाराष्ट्रात त्यात ४०,८९१ लोक नोंदले गेले. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत राज्याच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून सुमारे सहा हजार नावं होती. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलंही होती आणि काही जण स्त्री किंवा पुरुष म्हणून यादीत असतील, हे धरलं तरी फरक केवढा मोठा आहे पाहा. कारणं सरळ आहेत. घर सोडलेल्या माणसाकडे जन्मदाखला नसतो, बापाचं नाव लिहायचं की नाही कळत नाही, भाडेकरार कुणी करून देत नाही. आणि त्यात वहीचं भय. म्हणून या फलकावर मतदार नोंदणीचा नमुना ६ मोठा करून छापला. त्या अर्जात नातेवाइकाच्या नावाच्या रकान्यात तृतीयपंथीयांसाठी 'गुरू' लिहायची सोय आहे. आपांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "सरकारी कागदावर? गुरू?" ज्या नात्याला कायद्याने एकेकाळी गुन्हेगारांची टोळी मानलं, ते नातं आता सरकारी अर्जात नातं म्हणून लिहिता येतं.

पाचवा फलक घराचा. २०१९च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीला घर भाड्याने देताना भेदभाव करायला मनाई केली. तिला घरातून किंवा गावातून हुसकावून लावणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंडाची तरतूद केली. या कायद्यावर त्या समाजाचेच अनेक आक्षेप आहेत. लैंगिक अत्याचारालाही त्यात कमाल दोनच वर्षांची शिक्षा आहे, हा त्यातला मोठा. पण भाड्याचं कलम आपांच्या कामाचं होतं, म्हणून तेच ठळक घेतलं. सहाव्या फलकावर काहीच सजावट नाही. ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कसा करायचा, कुठले कागद लागतात, एवढंच.

कुणाचाही फोटो लावला नाही. शिबिराच्या मंडळींना ते जरा फिकं वाटलं. "चेहरा असला की लोक जोडले जातात," असं त्यांचं म्हणणं होतं. २०१७ची विक्सची जाहिरात त्यांनी दाखवली. गौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेली मुलगी यांची ती गोष्ट, आणि ती पाहून लाखो डोळे पाणावले. पण गौरी सावंत यांनी आपला चेहरा स्वतः पुढे केला होता. आपांनी नाही म्हटलं. विषय तिथे संपला पाहिजे.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलतो. फलक तयार होत असताना ओळखीच्या एका सज्जनांनी मला विचारलं, "तुम्हाला दुसरे विषय नाहीत का? आपल्या कौमचे प्रश्न काय कमी आहेत?" मी त्यांना विचारलं, तुम्हाला मुंबईत भाड्याने घर शोधताना काय अनुभव आला? त्यांनी बरंच सांगितलं. नाव ऐकलं की खोली आधीच भरलेली असते, दलाल फोन उचलत नाही, सोसायटीची 'पॉलिसी' निघते. मी म्हटलं, आपांनाही अगदी हेच शब्द ऐकावे लागतात. आणि मुसलमान असल्यामुळे दोनदा ऐकावे लागतात. आसामच्या एनआरसीतून १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले तेव्हा आपण कागदांच्या भीतीने रात्री जागून काढल्या. त्या यादीबाहेर तृतीयपंथीही होते, त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आपल्या सभांमध्ये त्यांचं नाव किती जणांनी घेतलं?

दुसरा आक्षेप मजहबचा. हा लेख फतवा नाही आणि तो देण्याचा मला अधिकारही नाही. समलिंगी संबंधांबद्दल बहुसंख्य उलेमांचं मत काय आहे, ते आपणा सर्वांना माहीत आहे. पण सगळं एकाच पोत्यात भरू नये. हनफी फिकहच्या 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात 'खुन्सा'वर, म्हणजे ज्यांच्या देहावरून स्त्री की पुरुष ते ठरत नाही अशांवर, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांनी जमातीच्या नमाजमध्ये कुठल्या सफीत उभं राहायचं, वारसा किती, मय्यतीचं काय, याची चर्चा आहे. खुन्सा आणि आजचा तृतीयपंथी समाज तंतोतंत एक नाहीत, हे मान्य. तरी शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांना असा माणूस मशिदीत येणार, त्याला सफीत जागा लागणार, हे गृहीत होतं. आपण मात्र त्याला उरुसाला दुआ देण्यापुरतं ओळखतो. आणि ज्यांच्याबद्दल मतभेद आहेतच, त्या समलिंगी मुला-मुलींचं काय? तीही कुणाच्या तरी, कदाचित आपल्याच, घरात वाढत आहेत. त्यांना मारणं, कोंडणं किंवा बळजबरीने लग्न लावून आणखी एका मुलीचं आयुष्य बिघडवणं, हा कुठला दीन आहे?

फलक छापायला गेले त्या संध्याकाळी आपा पुन्हा दुकानात आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "भाई, एका वहीचं राहिलंच की." मला कळेना. "कब्रस्तानची. जमातीकडं मय्यतीची वही असती ना? मेल्यावर त्यात माझं नाव कुठलं लिहितील? बापाने ठेवलेलं, की मी जगले ते? आणि लिहितील का?"

त्यांच्या एका गुरुबहिणीच्या मय्यतीला एका गावात दुपारपासून रात्रीपर्यंत वाद चालला होता. गुस्ल कुणी द्यायचा यावर अडलं. शेवटी चार हिजड्यांनीच गुस्ल दिला, त्यांनीच जनाजा उचलला. हे त्यांनी रागाने नाही, नेहमीची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

मी एका जमातीच्या सेक्रेटरींना भेटून हा प्रश्न विचारला. ते सभ्य माणूस आहेत. म्हणाले, "वेळ आली की बघू." माझं त्यांना आणि पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या सगळ्याच जमातींना सांगणं आहे की वेळ येते तेव्हा घरात मय्यत असते आणि तेव्हा कुणी बघत नाही. आलिमांना आत्ता विचारा. गुस्ल कोण देईल, जागा कुठे, वहीत नाव कुठलं, हे बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. एका कागदावर चार ओळी लागतात.

मतदार यादीचा अर्ज आपांनी भरला आहे. गुरूचं नाव लिहिलं, स्वतःचं नाव जगल्या तेच लिहिलं. दुसऱ्या वहीचं उत्तर अजून त्यांना द्यायचं आहे, आणि ते सरकारने नाही, आपण द्यायचं आहे.